दार सातला बंद, रस्ता मात्र उघडा

बाई, नमस्कार.

माझी मुलगी पाचवीत आणि मुलगा दुसरीत आहे. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. शाळा अनुदानित आहे आणि अगदी राज्य महामार्गाला लागून आहे. यंदापासून दर शनिवारी सकाळी सातला सगळ्या वर्गांची चाचणी असते आणि सातच्या ठोक्याला गेट बंद होतं. उशीर झाला की मूल बाहेर, चाचणीत शून्य. त्यामुळे पावणेसातला गेटसमोर नुसती झुंबड. मागच्या शनिवारी एका मोटारसायकलचा आरसा लेकीच्या दप्तरात अडकला, ती पडली, गुडघा सोलवटला. मुख्याध्यापक म्हणतात, रस्ता आमचा नाही. नगरपरिषद म्हणते, बांधकाम खात्याकडे जा. त्यात पाचवीच्या पालकांना सूचना आली आहे की वार्षिक परीक्षेत नापास झालेल्यांनी दाखला काढून न्यावा. लेक शुक्रवारी रात्री धड झोपत नाही. दोघांना स्कूटीवर मीच सोडते. ग्रुपवर काही जण म्हणतात, नऊच्या आधी शाळा भरवायला सरकारची बंदी आहे. काही जण म्हणतात, वर्गणी काढून आपणच स्पीडब्रेकर टाकू. मी आधी कशाच्या मागे लागू, परीक्षेच्या की रस्त्याच्या?

– एक आई

*

प्रिय आई,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही प्रश्न दोन वाटले. दुसऱ्यांदा वाचताना पावणेसात आणि सात हे आकडे डोळ्यांत भरले. मुलं रोज हीच, रस्ताही रोज हाच, तरी झुंबड शनिवारची. ही गर्दी तुमच्या शाळेच्या घड्याळाने केलेली आहे. म्हणून सुरुवात गेटपासून करा. रस्ता कोणाचाही असो, गेट शाळेचंच आहे, आणि ते उघडं ठेवायला कुठल्या खात्याची मंजुरी लागत नाही की निधी लागत नाही.

हे मी छातीठोकपणे सांगते, कारण असं गेट मी स्वतः बंद केलेलं आहे. मुख्याध्यापिका होऊन दुसरंच वर्ष होतं, शिस्त लावायची खुमखुमी होती. प्रार्थनेची घंटा झाली की शिपाई कडी घालायचे. उशिरा आलेली पोरं बाहेर, मी आत, मधे लोखंडी गज. एका सकाळी रस्त्यापलीकडे असलेल्या एका मुलाने कडीचा आवाज ऐकला आणि डावी-उजवीकडे न बघता धूम ठोकली. रिक्षावाल्याने करकचून ब्रेक दाबला. मुलाला काही झालं नाही. हातातली कंपासपेटी तेवढी चाकाखाली गेली. पार चपटी झाली होती, कर्कटकाचं टोक पत्र्यातून बाहेर आलेलं. ती पेटी निवृत्त होईपर्यंत माझ्या टेबलाच्या खणात होती. दुसऱ्या दिवसापासून गेट उघडं राहिलं; उशिरा येणाऱ्याने आत यायचं, बाकावर बसायचं, वहीत नाव लिहायचं आणि वर्गात जायचं. शिस्त काही बुडाली नाही. (त्या वहीत शिक्षकांचीही नावं यायला लागली, तो भाग वेगळा.)

उशिरा आलेल्या मुलाला शिक्षा म्हणून शाळा नेमकं गावातल्या सगळ्यात धोक्याच्या जागी उभं करते, महामार्गाच्या कडेला. मुख्याध्यापकांना हे एकदा त्यांच्याच गेटबाहेर उभं राहून बघायला सांगा. शनिवारी, सातला पाच कमी असताना. वादावादी करू नका, नुसतं बोलवा.

आता नियमांचं. तुमच्या पत्रात तीन गोष्टी एका माळेत ओवल्या आहेत आणि तिन्हींचं वजन वेगळं आहे.

शनिवारची चाचणी ही शाळेची स्वतःची आहे. शाळा ती घेऊ शकते, त्यावर कोर्टकचेरी होणार नाही. पण तिला बोर्डाच्या परीक्षेचा थाट कशाला? दहावी-बारावीला अकराच्या पेपरासाठी साडेदहाला हजर राहावं लागतं, ते राज्यभर एकच प्रश्नपत्रिका असते आणि ती फुटायची भीती असते म्हणून. दुसरीच्या पोराच्या पाढ्यांची प्रश्नपत्रिका फोडून कोणाचं काय भलं होणार आहे? आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यातल्या आकारिक, म्हणजे शिकता शिकताच होणाऱ्या मूल्यमापनाची साधनं आठ: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. चाचणी हे आठातलं एक. एका शनिवारी दहा मिनिटं उशीर झाला म्हणून मुलाला काही येत नाही असं या पद्धतीत कुठेच निघत नाही. 'शून्य' हा शेरा उशिराला दिलेला आहे, अभ्यासाला नाही, आणि हे वर्गशिक्षकांनाही पुरतं ठाऊक असतं.

नापास झाल्यास दाखला काढून न्यावा, ही सूचना मात्र सरळ कायद्याच्या विरोधात आहे. इथे मागे हटू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यात सुरुवातीला आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचं नाही असं होतं. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीच्या अखेरीला परीक्षा घेण्याची आणि राज्याने ठरवलं तर मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्राने ती २०२३ मध्ये वापरायचं ठरवलं. त्यामुळे तुमच्या लेकीला वार्षिक परीक्षा आहे, हे खरं. पण त्याच कलम १६ मध्ये पुढे काय म्हटलंय ते सूचना काढणाऱ्याने वाचलेलं दिसत नाही. नापास झालेल्या मुलाला निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यायची. त्यातही नाही जमलं तर फार तर त्याच वर्गात बसवता येतं. आणि प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. 'पालकांनी स्वतःहून दाखला न्यावा' असं लिहिणं म्हणजे हात न लावता ढकलणं. त्या सूचनेचा फोटो जपून ठेवा आणि मुख्याध्यापकांना लेखी विचारा की ही सूचना कोणत्या शासन निर्णयाच्या आधारे काढली. माझा अंदाज असा की उत्तर येणार नाही, सूचनाच फळ्यावरून उतरेल. नाही उतरली तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

लेकीला कायदा सांगत बसू नका. तिला हिशेब सांगा. पाचवीला विषयाला ५० गुण, पास व्हायला ३५ टक्के, म्हणजे १८. पन्नासातले दहा तोंडीचे. तिच्या जुन्या पेपरांमध्ये तिला विषयाला किती पडलेत ते तिलाच काढू द्या आणि १८ च्या शेजारी लिहू द्या. शुक्रवारच्या रात्री जे भूत दिसतं ते कागदावर उतरलं की बरंच लहान होतं.

तिसरी गोष्ट नऊची. तुमच्या ग्रुपवरचं म्हणणं अर्धं खरं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने ठरवलं की पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊला किंवा त्यानंतर भरवावेत, मुलांची झोप होत नाही म्हणून. म्हणजे हा मुद्दा तुमच्या दुसरीतल्या मुलाला लागू, पाचवीतल्या मुलीला नाही. ग्रुपवर सगळ्या मुलांच्या वतीने तो मांडलात की मुख्याध्यापक पहिल्याच वाक्यात तुम्हाला खोटं पाडतील आणि बाकीचं ऐकणारच नाहीत. म्हणून नेमकं विचारा: पहिली ते चौथीच्या मुलांना शनिवारी सातला कोणत्या परवानगीने बोलावता? उन्हाळ्यात सकाळसत्राचे आदेश निघतात, ते सोडून. लहान वर्ग नऊला सरकले की सातची गर्दी आपोआप ओसरते. रस्त्याला हात न लावता रस्त्याचं काम होतं ते असं.

आता जरा तुमच्याकडे वळते, रागावू नका. एका स्कूटीवर तुम्ही आणि दोन मुलं, म्हणजे ट्रिपल सीट. मोटार वाहन कायद्याचं कलम १२८ चालकाच्या मागे एकच माणूस मानतं, मूल लहान असलं तरी. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेटही लागतं. तुम्ही पत्रात हेल्मेटबद्दल लिहिलेलं नाही, मी समजायचं ते समजले. दोन्हीला दंड आहे, पण तो सोडा. उद्या तुम्ही पोलिसांकडे शाळेसमोरच्या वाहतुकीची तक्रार घेऊन जाल आणि हवालदार खिडकीतून तुमच्या स्कूटीकडे बघेल, तेव्हा तुमच्या तक्रारीचं काय होईल? लहान वर्ग नऊला गेला की दोन फेऱ्या होतील, पण धाकटा आरामात बसेल. तोवर लेकीला जवळच्या एखाद्या मैत्रिणीबरोबर पाठवता येतं का बघा.

आता रस्ता. 'आमचा नाही' हे वाक्य मी सरकारी कचेऱ्यांत इतक्या वेळा ऐकलंय की त्याची एक मुद्राच बनवून घ्यायला हवी. त्यावर दहा रुपयांचा उपाय आहे. माहिती अधिकाराचा अर्ज करा, त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि नगरपरिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे द्या. प्रश्न दोनच ठेवा: शाळेसमोरच्या या रस्त्याची देखभाल कोणाकडे आहे, आणि तिथे शाळेची सूचना देणारा फलक, झेब्रा पट्टे व वेगमर्यादेचा फलक लावण्याची जबाबदारी कोणाची आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. माहिती त्यांच्याकडे नसेल तर अर्ज ज्या कार्यालयाचा आहे तिकडे पाच दिवसांत त्यांनीच पाठवायचा असतो, कलम ६(३). फिरायचं काम तुम्ही करायचं नाही, कागदाला करू द्या. राज्य महामार्ग गावातून जात असेल तर उत्तर बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागाकडून येईल. मग फलक, पट्टे, रम्बल पट्ट्या (चाकाखाली खडखडून चालकाला सावध करणाऱ्या आडव्या पट्ट्या) यांचा अर्ज त्यांच्या नावे.

वेगमर्यादा कमी करणं आणि ठरावीक वेळेत जड वाहनं बंद ठेवणं हे बांधकाम खात्याच्या हातात नसतं. त्यासाठी मोटार वाहन कायद्याची कलमं ११२ आणि ११५ आहेत आणि अधिसूचना लागते. जिल्ह्यात ती जिल्हाधिकाऱ्यांकडून निघते, पोलीस आयुक्तालय असेल तिथे पोलिसांकडून. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. तुमचा विषय तिच्या बैठकीत जावा असा अर्ज करा. शाळा भरायच्या-सुटायच्या वेळी उसाचे ट्रॅक्टर आणि डंपर तासभर थांबवणं हे काही चमत्काराचं काम नाही. मागणाऱ्याने वेळ नेमकी लिहावी लागते, एवढंच. 'सकाळी व संध्याकाळी' असं मोघम लिहाल तर तसंच मोघम उत्तर येईल.

ताशी ३० चीच मागणी करा. जगभरच्या मंत्र्यांच्या २०२० च्या स्टॉकहोम परिषदेत, चालणारी माणसं आणि गाड्या जिथे एकत्र येतात तिथे ३० ही कमाल मर्यादा मान्य झाली आहे, पण तुमच्या समितीतल्या साहेबांना परिषदेपेक्षा पावलं मोजून दाखवलेली जास्त पटतील. ताशी ३० ने जाणारी गाडी सेकंदाला साधारण आठ मीटर काटते. समोर मूल दिसल्यावर पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा, मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी पाचेक मीटर. एकूण १३, म्हणजे गेटपासून वीस पावलं. ताशी ५० ला तोच एक सेकंद १४ मीटर खातो आणि ब्रेक लागल्यावर आणखी १४ जातात. म्हणजे ३० ची गाडी जिथे पूर्ण उभी राहिली, तिथे ५० च्या चालकाचा पाय अजून ब्रेकवर पोचलेलाही नसतो. गेटपासून वीस पावलांवर चुन्याने एक रेघ मारा, त्रेचाळीस पावलांवर दुसरी. साहेब पाहणीला आले की दोन्ही रेघा दाखवा. बाकी काही बोलायची गरज पडत नाही.

वर्गणीचा स्पीडब्रेकर अजिबात नको. रात्रीत टाकलेला तो सिमेंटचा ढीग कोणाच्या तरी मानेचा किंवा कंबरेचा बळी घेतो आणि मग टाकणारे सगळे ग्रुपमधून बाहेर पडतात. इंडियन रोड्स काँग्रेसने उंचवट्याचं माप ठरवून दिलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर, ताशी २५ ने गाडी अलगद जावी असा गोलावा. आपल्या गल्लीबोळांत असतात ते या मापाच्या पाव रुंदीचे आणि दीडपट उंचीचे. शिवाय राज्य महामार्गावर उंचवटा द्यायला खातं सहसा नाखूश असतं. रम्बल पट्ट्या आणि फलक यांना लवकर होकार मिळतो, तेच मागा.

या सगळ्याला महिने लागतील. तोवरचा उपाय तुमच्या पालकांच्या हातात आहे. आरसा लागला तो डंपरचा नव्हता, दुसऱ्या एका पालकाच्याच मोटारसायकलचा असणार. पावणेसातला गेटसमोर दुसरं असतं कोण? तालुक्याच्या गावाला बाजाराचं मैदान असतंच, आणि बाजार शनिवारचा नसेल तर ते सकाळी रिकामं असतं. शाळेपासून दोन-तीनशे पावलांवरची अशी जागा ठरवा. गाड्या तिथेच थांबतील, तिथून मुलं रांगेने चालत येतील, पुढे एक पालक, मागे एक. पाळी लावा. पहिले दोन शनिवार निम्मे लोक ऐकणार नाहीत, गेटपर्यंत गाडी नेतील आणि वर आपल्यालाच हसतील. तिसऱ्या शनिवारी त्यांना कळतं की मैदानावरून आलेली मुलं आधी पोचतात.

आणि कृपा करून ही कामगिरी मुलांवर ढकलू नका. आरएसपीच्या (शाळेतल्या रस्ता सुरक्षा पथकाच्या) गणवेशात शिट्टी वाजवणारी आठवी-नववीची मुलं फार गोड दिसतात. मीही त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतले आहेत. पण महामार्गावर गाडी अडवायला चौदा वर्षांचं मूल उभं करायचं नसतं. ती मुलं कडेला उभी राहून रांग सांभाळतील. रस्त्यावर पोलीस किंवा मोठं माणूस हवं.

मुख्याध्यापक 'रस्ता आमचा नाही' म्हणाले, त्यावर एक गोष्ट त्यांना आठवण करून द्या, गोड शब्दांत. स्कूलबसच्या २०११ च्या राज्य नियमांनी प्रत्येक शाळेत परिवहन समिती ठेवायला सांगितली आहे. अध्यक्ष स्वतः मुख्याध्यापक, सदस्यांत पालकांचा प्रतिनिधी, पोलीस आणि आरटीओचे निरीक्षक. तुमच्या शाळेत ती दुसऱ्या नावाखाली असेल किंवा फक्त फाइलीत असेल. शेवटची बैठक कधी झाली आणि पालक प्रतिनिधी कोण, एवढंच विचारा. कित्येकदा त्या पालकालाच आपण सदस्य आहोत हे माहीत नसतं. शाळा व्यवस्थापन समितीतही निदान तीन-चतुर्थांश पालक असतात. अनुदानित शाळेत तिला सल्ल्यापुरताच अधिकार आहे, तरी तिच्या ठरावाची प्रत अर्जाला जोडली की अर्ज जड होतो.

पहिला अर्ज मुख्याध्यापकांनाच करा. लांबण लावू नका. असा काहीसा:

'विषय: शनिवारच्या चाचणीवेळी मुख्य प्रवेशद्वार बंद न करण्याबाबत. महोदय, दर शनिवारी सकाळी ७ वाजता प्रवेशद्वार बंद होत असल्याने उशिरा आलेली मुले महामार्गाच्या कडेला थांबतात. गेल्या शनिवारी याच गर्दीत माझी मुलगी वाहनाचा धक्का लागून पडली. विनंती की उशिरा आलेल्या मुलांना आवारात घेऊन त्यांची नोंद करावी, तसेच पहिली ते चौथीच्या वर्गांची वेळ ९ नंतर ठेवावी. बाजार मैदानापासून मुलांना रांगेने आणण्यास आम्ही पालक पाळीने येण्यास तयार आहोत.'

शेवटचं वाक्य गाळू नका. नुसती मागणी करणाऱ्या पालकांची शाळेला सवय असते, पाळी घेणाऱ्यांची नसते. खाली तुमच्या एकटीच्या नव्हे, दहा-बारा पालकांच्या सह्या घ्या, निम्म्या तरी बाबांच्या. शाळेच्या कामाला आयाच येतात असं धरूनच कार्यालयातली माणसं बोलतात.

अर्ज दोन प्रतींत न्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. लिपिक म्हणतील, 'ठेवून जा, सर आले की देतो.' ठेवून येऊ नका. समोरच्या बाकावर बसा आणि सर येईपर्यंत उठू नका.

– तुमच्या बाई